तां. आणि तां.

६ फेब्रुवारी
तळावरून

तां.,

प्रिय वगैरे लिहीत नाही. प्रिय लिहिलेली सगळी पत्रं तुझ्या मावशीने न फोडता परत पाठवली, म्हणजे आतला मजकूर तिला वासावरून कळत असणार. म्हणून या वेळी पाकिटावरचा पत्ता लाकडाच्या ट्रकवाल्याकडून लिहून घेतोय आणि खाली 'पक्षी विभाग' असं टाकायला सांगितलंय. त्याचं अक्षर इतकं भयंकर आहे की सरकारीच वाटेल.

मी आपल्या रानात आहे. प्रात्यक्षिकाला आलो होतो तेच रान, तोच उतार, तोच सपाट खडक. झाडं तोडणाऱ्या टोळीत कामाला लागलोय. कॉलेज सुटल्यावर काहीतरी करायला हवंच होतं, आणि टोळीला माणूस हवा होता. एवढंच. यात दुसरं काही शोधू नकोस.

ठेकेदार तुझा दादा आहे. हा योगायोग.

त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसं? मेसमध्ये मला मारायला तो स्वतः कुठे आला होता, दोन माणसं पाठवली होती. त्यातल्या एकाच्या पाठीत मी बाक घातला ते तुला कळलंच असेल. प्राचार्य म्हणाले, लेखी माफी माग. मी तो कागद त्यांच्या चहाच्या कपात बुडवला आणि बाहेर पडलो. इथे मला कोणी नाव विचारलं नाही. 'कॉलेज' म्हणतात. तुझ्या दादाला सगळे शेठ म्हणतात. तो रोज सकाळी त्या सपाट खडकावर उभा राहून फोनवर बोलतो, कारण अख्ख्या रानात रेंज तेवढीच. बोलताना डोंगराकडे पाठ करतो आणि एका कानात बोट घालतो. तुझ्यासारखंच.

आता मुद्द्याचं. टोळीला हुकूम असा आहे की ज्या खोडावर पांढऱ्या रंगात 'तां' आहे ते झाड आडवं करायचं.

कळलं ना?

तां.


११ फेब्रुवारी

तां.,

तुझी काळजी खरी ठरली, म्हणजे तू केली असतीस तर. काल तुझं एक झाड गेलं.

ह्या सगळ्याचं मूळ तो कारकून. विषयांची यादी त्याने अकारविल्हे लावली, आणि 'तांबट' खाली 'तांबेरा' आल्यावर दोन्ही एकाच ओळीत टाईप केले. यादी भिंतीवर लागली: 'तांबट तांबेरा: तुलनात्मक अभ्यास', विद्यार्थी दोन. भोपळासरांना चूक दिसली नसेल असं नाही. पण चूक मान्य करण्यापेक्षा त्यांनी वर्षभर आपल्याला तांबट पक्षी आणि तांबेरा बुरशीची तुलना करायला लावली. सगळ्यांना शून्य देणारा माणूस स्वतःला कसा देणार? तू पक्षी घेतलास, मी बुरशी. तू तां., मी तां. चिठ्ठ्यांवर सही करताना आपल्याला काय मजा वाटायची. खोडांवरही तेच. मी रोगट झाडावर 'तां' काढलं, तू घरट्याच्या झाडावर 'तां' काढलंस, रंगाचा डबा एकच. मग सर वही घेऊन गेले आणि वनखात्याच्या वरच्या साहेबांना सांगितलं, तां म्हणजे तांबेरा, पाडा.

पण 'तां'वरचं तुझं टिंब गोल असतं. पोकळ गोल, ब्रश टेकवून फिरवलेला, ढोलीच्या तोंडासारखा. माझं म्हणजे नुसता फटकारा. अख्ख्या जगात हे फक्त मला दिसतं. तुला तरी ठाऊक होतं का?

मी मुकादमाला सांगून पाहिलं. म्हटलं, "मुकादम, सगळी तां सारखी नाहीत."

"का रे? काही शाळेत गेली आणि काही तुझ्यासारखी अर्ध्यात पळाली?"

"काही झाडांत पक्षी आहेत."

"झाडात पक्षीच असणार, कॉलेज. मासे असतात का?"

पुढे काय बोलणार? अक्षर ओळखतो म्हणालो तर कुणाचं अक्षर ते सांगावं लागेल.

झाड पडलं तेव्हा वरची वाळकी फांदी दगडावर आपटून उभी चिरली. आत पिल्लं होती. नागडी, डोळे मिटलेले, चोची उघड्या. तू म्हणायचीस ना, तांबट मेलेल्या लाकडात जिवंत घर करतो आणि तुझा तांबेरा जिवंत लाकडात मरण पेरतो. मी म्हणायचो, फांदी मारतो कोण, मीच ना? मग तुझ्या तांबटाला घर मीच देतो, उपकार मान. तू म्हणायचीस, "उपकार नाही, अपघात." हे सगळं त्या चिरलेल्या फांदीसमोर उभं राहून मला आठवत होतं, तेवढ्यात मशीनवाला पुढे आला, "अरे वा, नाश्ता," म्हणाला आणि एका पिल्लावर बूट ठेवला. आवाज फार लहान झाला. सुकी शेंग फुटल्यासारखा.

मी त्याला मारलं. किती ते सांगत नाही. त्याचा पुढचा दात माझ्या बोटाच्या पेरात रुतला होता, तो मुकादमाने चिमट्याने काढला. मशीनवाल्याचा जबडा निखळलाय, ट्रकमध्ये घालून नेलं. ट्रक तोच, ज्यात माझं मागचं पत्र होतं.

तुझा दादा रागावला नाही, हसला. म्हणाला, "एवढा राग आहे तर मशीन तूच धर. रागीट माणसाचा हात थरथरत नाही."

तर आता करवत माझ्या हातात आहे, आणि ती त्याने स्वतः दिली.

मुकादम शिकवतो. झाड पडणार कुठे हे करवत ठरवत नाही, खाच ठरवते. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच, मग मागून काप. खाच अंगठाभर फिरली तर झाड माणूसभर सरकतं. मी त्याला खाचेबद्दल इतकं विचारतो की तो म्हणतो, कॉलेजमध्ये असं विचारलं असतंस तर पास झाला असतास.

तां.


१९ फेब्रुवारी

पक्षीण,

तुझं पत्र आलं. अर्ध्या कागदावर एक ओळ.

'घरट्यांची झाडं किती उरली?'

बस. मी जिवंत आहे का, नाही. बोटाचं काय झालं, नाही. इतके महिने रोज सकाळी उठून मी काय गिळतो आणि काय थुंकतो, नाही. झाडं किती उरली. वाचलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. कागद चुरगळून चुलीत टाकला आणि मग चुलीत हात घालून बाहेर काढला. 'घरट्यांची'वरचं टिंब गोल आहे. 'झाडं'वरचं पण. कडा जळल्या, टिंबं शाबूत आहेत. आता कागद खिशात आहे आणि डाव्या तळहातावर फोड आलाय, नारिंगी, अगदी सालीवर येतो तसा. घे तुलना.

उत्तर हवंय? थोडी उरली. तुझी गोल टिंबं दिसली की मी मशीन बिघडवतो. कधी साखळी सैल, कधी तेलात माती. मुकादम म्हणतो, मशीन तुझ्या हाताला लागत नाही. पण असं किती दिवस चालणार? तुझा दादा म्हणतो, महिनाअखेर उतार साफ हवा. तो थांबला तरच हे थांबेल.

आता खरं सांगतो. योगायोग नव्हता. टोळी कुणाची हे विचारूनच आलो. पिशवीत पहार होती, कपड्यांत गुंडाळलेली. ती लागणार नाही आता.

तू सरांचं एक वाक्य वहीत खाली रेघ मारून लिहिलं होतंस. तांबेऱ्याला जगायला दोन वेगवेगळी झाडं लागतात. एकावर अर्धा जन्म, दुसऱ्यावर उरलेला. दोघांतलं एक उपटलं की दुसरं सुटतं. मी तेव्हा तुझ्याकडे बघून हसलो होतो, मला ते फार गोड वाटलं होतं, दोन घरं. तुझ्या दादाने ते वाक्य न वाचताच अंमलात आणलं. तुला उपटून मावशीकडे लावलं. मग मी उपटायला शिकलो तर कुणाचं काय गेलं?

खडकाच्या वर एक जुनं मोठं झाड आहे. त्यावर तां आहे. उद्या ते पाडायचं आहे, वरच्या उताराकडे. सकाळी तुझा दादा फोनवर असेल.

हे पत्र ट्रकवाल्याला देत नाही. उद्यानंतर बघू.


२१ फेब्रुवारी

तां.,

तो जिवंत आहे. आधी हे वाच, मग बाकीचं वाच किंवा नको वाचूस.

काल सकाळी मुकादम दुसऱ्या टोकाला फांद्या तोडत होता. तुझा दादा खडकावर, पाठ डोंगराकडे, कानात बोट. मोठमोठ्याने हसत होता, पलीकडे बहुतेक तुझी मावशी असावी. मी खाच घातली. उताराकडे नाही. खडकाकडे. नीट, स्वच्छ, मुकादमाने शाबासकी द्यावी अशी खाच. पाचर काढली. मग मागे गेलो आणि काप सुरू केला. लाकडाचा भुसा तोंडावर उडत होता आणि मी, काय सांगू, मजेत होतो. मेसमधली ती दोन माणसं, प्राचार्यांचा कप, परत आलेली पाकिटं, सगळं त्या भुशातून उडत होतं.

अर्ध्यावर काहीतरी डोक्याला घासून गेलं. लाल गळा. तांबट वरच्या वाळक्या फांदीतून निघाला, समोरच्या झाडावर बसला आणि ओरडायला लागला. मशीनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, नुसती चोच उघडमिट होत होती.

खोडावरचं तां मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. टिंबावर वेल चढला होता. वेल बाजूला करायला काय लागतं, एक हात. नाही केला. त्या झाडावर कुणाचं टिंब आहे ते मला बघायचंच नव्हतं. आता मशीनच्या हादऱ्याने वेल सुटून खाली लोंबत होता आणि टिंब गोल होतं.

मी मशीन बंद केली. पण झाड तोवर बोलायला लागलं होतं. तुला तो आवाज माहीत नाही. आतून कुणीतरी कापड फाडावं तसा. अर्धं कापलेलं झाड कुणाचं ऐकत नाही.

मी ओरडलो. "दादा, बाजूला हो."

टोळीत त्याला दादा म्हणणारं कुणी नाही. शेठ म्हणालो असतो तर त्याने वळून पाहिलं नसतं, दिवसभर शेठ शेठ ऐकून त्याचा कान मेलाय. दादा म्हटल्यावर तो गर्रकन वळला. बघ, तोंडात तुझा शब्द आला. झाडासाठी ओरडलो की माणसासाठी, मला माहीत नाही, आणि तू विचारलंस तर खोटं सांगेन.

तो उडी मारून खडकाखाली गेला. झाड खडकावरच पडलं. एका फांदीने त्याचा डावा कान अर्धा फाडून नेला. त्याचा फोन पिठासारखा झाला. वाळकी फांदी माझ्या पायाशी येऊन फुटली. आत काय होतं ते लिहीत नाही.

तो उठला. गळ्यापर्यंत रक्त. मला वाटलं आधी खाच बघेल. त्याने खाच बघितली नाही.

"दादा का म्हणालास?"

मी तोंडावरचा भुसा पुसला.

"ह्या जगात मला एकच पोरगी दादा म्हणते. तिच्या तोंडचं तुझ्या तोंडात कसं आलं?"

"तोंडाला तोंड लागलं की येतं," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. आणि खरंही नव्हतं, तुला माहीतच आहे.

कुऱ्हाडीचा दांडा माझ्या बरगड्यांवर आला. मग मांडीवर. मग परत बरगड्यांवर, त्याच जागी, त्याला नेम आहे. मी पडलो तो मशीनवर. उठलो तेव्हा मशीन हातात होती आणि सुरू होती. मी त्याला छातीत लाथ घातली, तो उताणा झाला, आणि मी वर उभा राहिलो. साखळी त्याच्या गळ्यापासून वीतभर. टोळी लांब थांबली होती. धावत्या मशीनजवळ कुणी येत नाही.

त्याने नाक आक्रसलं.

तू चिडतेस तेव्हा आक्रसतेस तसं. रडू येण्याच्या आधी, उजवीकडून जास्त. घाबरलेला एवढा थोराड माणूस, आणि नाक तुझं.

मी मशीन बंद केली, दरीत भिरकावली आणि रानात पळालो. हे सगळं एका जुन्या मचाणावर बसून लिहितोय. श्वास घेतला की बरगडी टोचते. खाली तुझ्या झाडांवर नवा माणूस नवी मशीन घेऊन येणारच. तुझ्या दादाला मारून काही थांबलं नसतं हे आत्ता कळतंय. तां थांबवायला हवं, माणूस नाही.

तां.


२६ फेब्रुवारी
दवाखाना

तां.,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर ट्रकवाल्याच्या वर गेलंय. उजवा मनगटापासून मोडलाय.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या पहाटे तळावर शिरलो आणि रंगाचा डबा उचलला. मग वरच्या टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक झाडावर तां. रोगट, निरोगी, कोवळं, म्हातारं, काही बघितलं नाही. खडकावर तां. शेठच्या जीपच्या दोन्ही दारांवर तां. मुकादम आडवा आला तर त्याच्या पाठीवरही ओढलं, तो शिव्या देत शर्ट काढून धुवायला पळाला. दुपारपर्यंत अख्खा उतार पांढरा झाला. तू म्हणायचीस, तुझा तांबेरा असाच, वाऱ्यावर बसतो आणि एका दुपारीत रान खातो. खाल्लं बघ. एकही झाड न मारता.

मग सापडलो. टोळीने धरलं. तुझ्या दादाने माझा खिसा तपासला आणि तुझा जळका कागद निघाला. त्याने तो वाचला. एका ओळीला किती वेळ लागावा? बराच लागला. मग माझा उजवा हात बुंध्यावर ठेवायला लावला.

"ह्याच हाताने लिहितोस ना तिला?"

दांडा दोनदा आला. पहिल्यांदा ओरडलो, दुसऱ्यांदा आवाजच नव्हता. तिसऱ्यांदा मुकादम मध्ये पडला. "शेठ, बास. पोरगं आहे. अर्धवट असलं तरी पोरगं आहे." त्याच्या पाठीवर अजून अर्धं तां होतं.

दुसऱ्या दिवशी वरचे साहेब तपासणीला आले. बघतात तर रानात तां नसलेलं झाड नाही. कोणतं पाडायचं? कुणालाच सांगता येईना. सरांची वही आणली तर त्यात नुसते आकडे, झाडांच्या खुणा नाहीत. मुकादमाने सांगून टाकलं, "हा कॉलेज म्हणत होता काहींत पक्षी आहेत." साहेबांनी तोड थांबवली आणि म्हणाले, पक्ष्यांची पाहणी ज्या मुलीने केली तिलाच बोलवा, तिने दाखवल्याशिवाय मशीन चालणार नाही. तुझ्या दादाला मुकादमाचा फोन मागून घ्यावा लागला, आणि त्याच खडकावर पडलेल्या झाडावर चढून तुला फोन करावा लागला. म्हणजे हे पत्र पोचेपर्यंत तुझी पिशवी भरलेली असेल.

काल तो इथे आला होता. कानाला हे एवढं पट्टीचं गाठोडं. खुर्ची असून उभाच राहिला.

"मुकादमाने बुंधा बघितला," म्हणाला. "खाच खडकाकडे आहे."

"हो."

"आणि ओरडलासही तूच."

"हो."

"मग मी काय समजू?"

"मला कळलं की सांगतो."

त्याला हसू आलं असावं, पण कान दुखला. म्हणाला, "मी तक्रार देतोय. हाताचं मी कबूल करीन, खाचेचं तू कर."

"करीन."

"तिला कोण सांगणार?"

"मी लिहितोय," म्हटलं. त्याने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, टेबलावरचा कागद घसरत होता त्यावर आपला जीपच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला, आणि गेला. किल्ल्या विसरून. थोड्या वेळाने परत येऊन घेऊन गेला.

तू येशील तेव्हा मी नसेन. पोलीस आज संध्याकाळी हलवणार आहेत. तेच बरं. दोघांतलं एक उपटलं की दुसरं सुटतं, तू रेघ मारली होतीस. मला ते उशिरा वाचता आलं.

आता नीट वाच, कामाचं आहे. टिंबाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांना नाही, दादाला नाही. रंगवताना एकाही झाडावर गोल टिंब काढलं नाही. हात शिवशिवले, खोटं का बोलू, पण सगळीकडे माझाच फटकारा, तुझ्या गोलांना धक्का न लावता. त्यामुळे तू रानात शिरलीस की तुझी झाडं तुला लगेच दिसतील. गोल दिसलं की थांब आणि कान दे.

फक्त एका ठिकाणी गोल टिंब माझ्या हातचं आहे. खडकाच्या वर, बुंध्यावर. तुझं तां झाडाबरोबर पडलं, म्हणून उरलेल्या खोडावर मी ते पुन्हा काढलं, जमेल तेवढं गोल. तिथे थांबू नकोस. ते तुझ्या आकड्यात धरू नकोस.

तां.